टिटवाळ्याचं आमंत्रण

पप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही अडलं की मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडते. आज लिहायला बसले, कारण सकाळपासून दुसरं काही सुचत नाहीये.

वागळे इस्टेटमध्ये तुम्ही ज्या कारखान्यात कामाला होतात, त्याच्या मागच्याच गल्लीत आता माझं ऑफिस आहे. म्हाताऱ्या पेशंटना रोज फोन करून गोळ्यांची आठवण करून देणारा आवाज आम्ही बनवतो. बाईचा आवाज, पण बोलते मशीन. तिच्या तोंडी वाक्यं घालायचं काम माझं. "थोडी अजून ह्युमन कर ना, यार," असं साहेब सारखे म्हणतात, आणि मी तिला 'हं' शिकवते, 'अगंबाई' शिकवते. मोठ्यांनी घरी बोलावलं तर तोंडावर नाही म्हणू नये, 'येईन हं' म्हणावं, हेही मीच शिकवलं. आपण सगळे तेच म्हणतो आणि जात नाही. कुणाला त्याचं काही वाटतही नाही.

काल एक रेकॉर्डिंग ऐकलं. टिटवाळ्याच्या एक आजी, एकट्याच राहतात. "अगं पोरी, रोज न चुकता फोन करतेस, एकदा घरी ये ना. रविवारी सुकटीची चटणी नि तांदळाच्या भाकऱ्या करते." आमची मशीन म्हणाली, "हो आजी, नक्की येईन हं." आजींनी लगेच विचारलं, "तिखट खातेस ना?" त्यालाही हिने हो म्हटलं. रविवार उद्याच आहे. त्या खरंच रांधून वाट बघत बसतील. साहेबांना सांगितलं, तर ते खूश. "बघ, किती ह्युमन झालीय!"

मला सारखा तो दसरा आठवतो. कारखान्यात घरच्यांना बोलावलंय, मी तिसरीत असेन. तुमच्या पत्रा कापायच्या पॉवर प्रेसला हार, हळदकुंकू, पुढ्यात नारळ. सगळे हात जोडतायत आणि तुम्ही हाताची घडी घालून उभे. मी प्रेसला टिकली लावते, म्हणते, "पप्पा, हिचं नाव काय ठेवायचं?" आणि तुम्ही सगळ्यांसमोर खेकसता, "लोखंड आहे ते! हिने ज्याची बोटं नेली, त्याला आज कुणी बोलावलं का, विचार!" मी भोकाड पसरलं होतं. मग वाटेत पेढे घेऊन तुम्ही मला वर्तकनगरला त्या बोटं गेलेल्या काकांकडे नेलंत. तिथे चहा प्यायलात, टीव्हीवर मॅच बघितलीत, आणि निघताना त्यांचा तोच हात हातात घेऊन 'जय भीम' म्हणालात.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, जा आणि सरळ खरं सांगून ये. जाणार आहे मी, पप्पा. पत्ता मिळालाय. पण खरं सांगायचं धाडस माझ्यात नाही. आजींनी दार उघडून "तूच ना गं ती?" असं विचारलं, तर मी हो म्हणणार आहे. दुपारपासून आरशासमोर बसून मी तिच्यासारखं बोलून बघतेय.