हिरव्या दिव्याखालची साडी

निपाणी, श्रावण

सौ. तारामती आक्का हिस,

विनयचा सादर जयजिनेंद्र. तुझे गुडघे आणि शहापुरातला तुमचा नळ दोन्ही चालत असतील अशी आशा. दाजींचा खोकला मात्र थांबला असावा.

इकडे सर्व क्षेम, फक्त माझं काही खरं नाही. गेल्या आठवड्यात सोनल चिकोडीला माहेरी गेली आणि कॉटवरच्या तिच्या निळ्या शहापुरी साडीवर माझा चहा सांडला. (साडी कॉटवर का ठेवावी, हे कुणी विचारणार नाही.) सासूबाईंनी दिलेली साडी, म्हणजे माझी धडगत नव्हती. गुपचूप धुतली, पण या पावसात रुमालसुद्धा वाळत नाही. तेवढ्यात पेपरातली बातमी आठवली: पाणी उडायला उष्णताच लागते असं नाही, नुसता प्रकाशही पाण्याचे कण उचलून नेतो, त्यातही हिरवा, आणि तिरका पडला तर फारच छान. दिवाळीतला हिरवा दिवा काढला, स्टुलावर तिरका बसवला आणि कट्ट्यावर विज्ञानाची वाट बघत बसलो.

शेजारच्या जयाबाई खिडकीतून हा प्रयोग बघत होत्या. रोज आम्ही मराठीतच बोलतो, पण त्या दिवशी मला कन्नडची हुक्की आली. 'आरितेन?' म्हणजे वाळली का, असं ओरडून विचारलं. 'आरितु, आरितु!' त्या म्हणाल्या. आनंदाने आत गेलो, तर लाईट गेलेली. अंधारात साडी हाताला गार लागली. पण उष्णतेशिवाय वाळलेली साडी गारच लागणार की! (शिकलेल्या माणसाला असलं लगेच सुचतं.) घडी घालून ट्रंकेत ठेवली, वर डांबरगोळ्या टाकल्या.

काल उघडली, तर साडीभर पांढऱ्या बुरशीची नक्षी. जयाबाईंना जाब विचारला. 'दिवा आरितु म्हटलं ओ मी, साडी नव्हं!' कन्नडात कापड वाळलं तरी 'आरितु' आणि दिवा विझला तरी 'आरितु'. अशाने विज्ञानाची प्रगती कशी व्हायची?

आक्का, मला खरोखर भीती वाटते. सोनल चिडली की बोलत नाही, आणि तिचं न बोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

तुझा,
विनय

ता. क. असल्या जुनाट साडीत काय ठेवलंय, पण बायकांना कोण सांगणार? तशीच निळी, तसल्याच काठाची एक शहापुरात शोध आणि सोनल यायच्या आत पाठव.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधीच सोनल आली. साडी बघून तिने कपाळाला हात लावला. सासूबाईंची साडी कपाटात सुखरूप आहे. ही तिने मागच्या महिन्यात वास्तुशांतीला नेसायला मागून आणलेली, तुझी. तेव्हा आता घाई नाही. दुकानात जाशीलच, तर रंग तुझ्या आवडीचा घे.