खाली जाणारी लाइन

३ एप्रिल
आलो एकदाचे. क्वार्टर इमारतीच्या मागेच आहे, दोन खोल्या, आणि खिडकीतून चिलरची घरघर ऐकू येते. ही म्हणाली, सवत शेजारीच राहायला आली म्हणायची. म्हणू दे. नोकरी झकास आहे. अकरा मजले ऑफिसं आणि त्यांना गार ठेवणारा मी एकटा. तळघरातली प्लँट रूम लख्ख, दोन्ही पंप ठणठणीत. पंप सात अंशांचं पाणी वर ढकलतात, ते खोल्यांतली उष्णता उचलून बारा अंशांनी परत येतं, चिलर ते पुन्हा गार करतो. जेवढं जातं तेवढंच येतं. मी देव मानतो तो एवढाच.

संध्याकाळी हात गारठले होते. हिनं नेहमीसारखे तळव्यांत धरले, डाव्या करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट चोळलं. हिचे हात बारा महिने गरम. म्हणाली, तुमच्या चिलरला मी एकटी पुरून उरेन.

५ एप्रिल
वरचा मजला तापतो, अशी साहेबांची जुनी तक्रार आहे. प्रत्येक मजल्याच्या व्हॉल्व्हवर पाणी मोजलं. बेरीज जुळेना. बराच वाटा भलतीकडेच चालला होता. शोधत गेलो तर चिलरच्या मागे एक जाडजूड लाइन निघाली, थेट जमिनीत गेलेली, आणि तिच्याशेजारून तिचं परतीचं पाणी येतं. आपण आहोत तेच सर्वांत खालचं तळघर. नकाशात तिचा पत्ता नाही.

मामांना विचारलं. इथले जुने ऑपरेटर, परवा निवृत्त होतायत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. म्हणाले, इमारतीच्या आधीपासूनची आहे, तिचा वाटा तिला मिळू दे, तिच्या व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावू नकोस. खाली काय गार करतोय, विचारलं तर चष्मा पुसत बसले. म्हाताऱ्यांचं असतंच काहीतरी.

९ एप्रिल
मामा गेले, मी चाक फिरवलं. चारातले तीन हिस्से बंद केलं. एकाच्या ताटातलं काढल्याशिवाय दुसऱ्याला वाढता येत नाही, बॅलन्सिंग म्हणजे दुसरं काय. वरचा मजला तासाभरात गार. साहेबांनी स्वतः फोन करून शाबासकी दिली. घरी येऊन हिला रंगवून सांगितलं. ऐकता ऐकता हिनं शाल मागितली. ऐन एप्रिलात.

११ एप्रिल
खालच्या लाइनचं परतीचं पाणी एकवीस अंशांवर गेलंय. बरोबरच आहे. पाणी कमी दिलं तर ते जास्त तापणार. ही दोन गोधड्या घेऊन बसलीय. आज पहिल्यांदा हिचे हात मी चोळले. ऊब येईना.

१४ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी आहे, टॉनिक द्या. हिचा ताप मोजला तर चौतीस अंश, असायला हवेत सदतीस. याला ताप तरी कसं म्हणायचं. लाइन एकोणतीसवर.

मला ते मनात आणायचं नव्हतं, पण आणलं. धावत खाली जाऊन चाक पूर्ण उघडलं. पाणी पहिल्यासारखं धो धो सुटलं. आता लाइन गार पडायला हवी होती. नाही पडली. चढतेच आहे.

१६ एप्रिल
मामांकडे गेलो. एकटेच राहतात. भर दुपारी दारं-खिडक्या लावून शेगडीशी बसले होते. म्हणाले, उमेदीत त्यांनीही एकदा चाक फिरवलं होतं, तेव्हा मामी होत्या. वाटा तोडला की खाली जे आहे ते दुसरीकडून ऊब ओढून घेतं, ज्याचा हात चाकावर त्याच्या घरातून. मग चाक उघडून उपयोग नाही, चटक लागलेली असते. मी ओरडलो, हे आधी का नाही बोललात. म्हणाले, तू हसला असतास.

हसलो असतो, खरं आहे.

निघताना विचारलं, मग तिथेच इतकी वर्षं नोकरी का केलीत. म्हणाले, पाइप पुष्कळ दिवस गरम होता. मग एकदा गार पडला.

१७ एप्रिल
हिला घेऊन बसनं मेव्हणीकडे निघालो. अर्ध्या वाटेवर ओठ निळे पडले, शब्द फुटेना. परत फिरलो. इमारत दिसल्यावर बोलू लागली. म्हणाली, उगाच घाबरता.

माझ्यामुळे झालं हे. माझ्याच हातानं.

१८ एप्रिल
दोन्ही पंप बंद केले. चिलर बंद. सगळे मजले तापले, साहेब फोनवर बोंबलतायत. बोंबलू देत.
त्या लाइनमध्ये पाणी वाहतंच आहे. पंप बंद — त्यांच्या दाबाचा काटा हलत नाही — कोण ओढतंय —

१९ एप्रिल
डॉक्टरांच्या थर्मामीटरमध्ये मावत नाही. पाइपवर लावायचा माझा मीटर हिच्या काखेत धरला. बारा.
बारा अंश, आणि ही गॅसपाशी उभी राहून चहा टाकतेय. विचारते, जेवलात का.
लाइन छत्तीस.

२० एप्रिल, सकाळ
ही सात.
लाइन सदतीस.
जेवढं गेलं तेवढं —

दुपार
ती दारात आली. म्हणाली, आता मला थंडी वाजत नाही, द्या हात. आवाज हिचाच. पण डोळे — मी नाही दिला हात. प्लँट रूममध्ये येऊन आतून कडी लावलीय. ती बाहेर आहे. ठोठावत नाही. नुसती उभी आहे, दाराचं लोखंड गार पडत चाललंय.

बोटं वळत नाहीत. डावा हात त्या लाइनच्या पाइपवर टेकवून लिहितोय.
गरम आहे. ओळखीचा गरम.
मामा यासाठीच —

पाइप हलला. नाही, पाइप नाही —
करंगळी. करंगळीपासून सुरू केलं —
एकेक बोट — अगदी तसंच — अगं, मला माफ —
सोडवत नाही. सुटतही नाही.
डावा झाला. आता उजवा हात माग