काय समजलं ते सांगा

साहेब, आज मी एका माणसाला टेबलासमोरून उठवून लावलं. तुमच्या वकिलीत, तुमच्या हाताखाली सात वर्षं टाइपरायटर बडवला, पण पक्षकाराशी असं वागताना तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घराचं मालमत्ता पत्रक. आधी इकडंतिकडं बघितलं, मग स्टूल जवळ ओढलं आणि हळूच म्हणतो, "बहिणीची सही न घेता घर नावावर होतं का हो? मित्राचं विचारून राहिलोय." मी म्हणालो, "मित्राला घेऊन या." "त्यो बाहेरगावी हाय." "मग त्याच्या बहिणीला घेऊन या." "ती कशाला येती? ती तर मला बोलतबी न्हाई," असं म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. शेजारचा झेरॉक्सवाला फिसकन हसला. मला हसू आलं नाही. "उठा," म्हणालो, "आणि परत येऊ नका." त्याचा चेहरा पडला, पिशवी काखेत मारून गेला.

तुम्ही गेल्यावर मी रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर टेबल टाकलं, ते तुम्हाला माहीत नाही. बोर्डावर फक्त 'दस्तलेखक' एवढंच लिहिलंय. लोक वकीलसाहेब म्हणतात, मी प्रत्येकाला दुरुस्त करतो. शिक्षण बारावी नापास, पण लातुरात माझ्या दस्तातली चतुःसीमा चुकली असं दाखवणारा अजून कोणी भेटलेला नाही. दुसरे दस्तलेखक जुन्या कागदावरून सीमा उतरवतात, मी टेप घेऊन जागेवर जातो. काळा कोट घातलेली पोरं माझ्या टेबलाशी उभी राहून विचारतात, "काका, हक्कसोड करायचं का वाटणीपत्र?" मी सांगतो. वाचून वाचून आलेलं आहे, कोणाच्या बापाचं घेतलेलं नाही. तुमचं मात्र घेतलेलं आहे, हे कबूल.

पण प्रश्न तेच आहेत साहेब, इतक्या वर्षांत एक नवा प्रश्न आला नाही, आणि त्याचाच मला वीट आलाय. जामीन राहिलेला माणूस बँकेची नोटीस नाचवत येतो, "कर्ज मेव्हण्याचं, मी तर फक्त सही केली!" फक्त सही. जणू सही म्हणजे शिंक आहे, आली आणि गेली. एक जण विचारतो, बापाचं कर्ज पोराच्या अंगावर येतं का. मी म्हणतो, बापानं मागं जेवढं ठेवलं तेवढ्यापुरतं येतं, तुमच्या पगारातून नाही. तो म्हणतो, मग बापाचं घर मी ठेवतो आणि कर्ज बहिणीला दिलं तर चालंल का? मागच्या महिन्यात दोन मास्तर आले. एक फिजिक्सचा, एक केमिस्ट्रीचा. दोघांनी मिळून पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला होता, तो तीन मजल्यांचा झाला, आणि आता बोर्डावरचं नाव कोणाचं यावर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. भागीदारीपत्र कुठंय विचारलं तर दोघं एकदम म्हणाले, "विश्वासावर होतं!" मी म्हटलं, त्या विश्वासाची नोंद झालीय का? झाली असेल तर नक्कल आणा. तुम्ही असता तर त्यांना चहा पाजून, हळूहळू बोलतं केलं असतं. माझ्यात तेवढा धीर नाही. त्यातून या आठवड्यात तर अजिबात नाही, कारण रविवारी माझी बहीण येते आहे.

ती नायगावला दिलेली, ते तुम्हाला आठवत असेल. तिची मुलगी आता लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावून माझ्याच घरी राहते. घर म्हणजे वडिलांनी डाळमिलच्या काट्यावर पोती तोलून घेतलेला तो प्लॉट. तेव्हा दोन खोल्या होत्या, आता खाली आम्ही आणि वर पोरींचं होस्टेल. क्लासेस वाढले तसा आमचा तो भाग कुठल्या कुठं गेला. जिथं तुम्ही स्कूटर लावायला घाबरायचात, चिखल म्हणून, तिथं आता दर दोन घरांमागं मेस आहे. मी तिसरा मजला चढवायला काढलाय. भाचीनं ते आईला सांगितलं. परवा बहिणीचा फोन. "दादा, मजला चढवून राहिलास म्हणं. मग माझी सही लागंल की. आयतवारी येते, करून टाकू." तिच्या आवाजात संशय नव्हता, हिशोब नव्हता. घरच्या कामाला हात लावायला येते आहे, असा आवाज होता. तिची सही लागत नाही साहेब. त्या घरात तिचं काही उरलेलं नाही. आणि ते तिला ठाऊक नाही.

तुम्हाला भूकंपाचं वर्ष आठवतं का, असं विचारणं वेडेपणा आहे. पण मला त्यातली एकच दुपार लख्ख दिसते. औशाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली तुम्ही टेबल मांडलंय, फुकट अर्ज लिहून देताय, आणि रांग हलत नाही. लोक काय विचारतात? नवरा गेला, दीर म्हणतो भरपाई माझी, कोणाची? लेक आणि सून दोघं एकाच भिंतीखाली गेले, आधी कोण गेलं ते मी कसं सांगू? आणि तुम्ही प्रत्येकाला तुमच्या त्या दखनी वळणाच्या मराठीत सावकाश समजावताय. मी टाइप करतोय. रांग बघून मला घाई सुटली, म्हणून एका म्हातारीचा अंगठा मी आधीच कोऱ्या कागदावर घेऊन ठेवला. वाटलं, मजकूर नंतर मारू. तुम्ही तो कागद उचललात, माझ्याकडं बघितलंत, आणि त्या सगळ्या माणसांसमोर टराटरा फाडलात. "घाई कशाची आहे मियाँ? भूकंप तर होऊन गेला." रांगेतले लोकसुद्धा हसले, ज्यांचं सगळं गेलं होतं ते लोक. माझे कान तापले.

मग तुम्ही म्हातारीला जवळ बसवलंत, अर्ज लिहिलात, वाचून दाखवलात. ती म्हणाली, "हाव, समजलं बाबा." मी शाईची डबी पुढं केली तर तुम्ही माझा हात धरलात. "समजलं का, असं कधी विचारायचं नाही. गरीब माणूस त्याला हावच म्हणतो. काय समजलं ते सांगा, असं विचारायचं." तुम्ही विचारलंत. म्हातारी म्हणाली, "ह्यो कागद दिला की माझी नात मला वापस भेटंल." नात शाळेच्या खोलीत ठेवली होती, तिच्या मामाच्या ताब्यात. अर्ज होता पडलेल्या घराचा. तुम्ही तोही अर्ज बाजूला ठेवलात आणि दुसरा लिहायला घेतलात.

ती पद्धत मी आजपर्यंत सोडलेली नाही. लिहायचं, वाचायचं, काय समजलं ते त्यांच्या तोंडून ऐकायचं, मग अंगठा. लोक वैतागतात. एक व्यापारी म्हणाला, "काका, तुम्ही दस्त करून राहिले का शाळा घेऊन राहिले?" मी म्हणालो, दोन्ही. तुम्ही दिलेली ती पितळी झाकणाची शाईची डबी अजून माझ्या टेबलावर असते. आता आत ऑफिसात अंगठा यंत्रावर घेतात, डबीतली शाई कधीच वाळली. पण ती बघितली की लोकांना वाटतं हा जुना, जाणकार माणूस आहे, आणि मी ते वाटू देतो.

वडील भूकंपात गेले नाहीत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले, साध्या तापानं. आई आधीच गेलेली. भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा होत्या आणि डागडुजीची सरकारी मदत वडिलांच्या नावावर अडकलेली. त्या वर्षी आमच्याकडं कागद म्हटला की भरपाईचाच. माझं लग्न ठरत होतं, मुलीकडच्यांनी विचारलं, घर निर्वेध आहे ना, दुसरा वाटेकरी नाही ना? आणि सगळेच करत होते साहेब. बाप गेला की बहिणीला बोलवायचं, हक्कसोड लिहून घ्यायचं, साडीचोळी करायची, जेवू घालून एसटीत बसवून द्यायचं. स्वतः तुम्ही तसले शेकडो दस्त केलेत. मला कायदा माहीत होता. वडिलांनी स्वतः घेतलेला प्लॉट, अर्धा तिचा, ती लग्न झालेली असो का नसो. मला माहीत होतं म्हणूनच तो दस्त मी इतका नेटका केला. एक खाडाखोड नाही. चारी बाजू मी टेपनं मोजल्या होत्या. तेव्हापासूनच मला ती सवय लागली.

दस्त नोंदवला त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात होतात. आत रजिस्ट्रारसाहेबांनी तिला विचारलं, "मजकूर कबूल आहे का?" ती माझ्याकडं बघून म्हणाली, "हाव." बाहेर आल्यावर मी तिला हिरवी इरकल दिली. तिनं ती छातीशी धरली आणि म्हणाली, "औंदा भाऊबीज लवकर केलास की दादा." दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसात आलात, फाईल चाळलीत, माझ्या नावाचा दस्त बघितलात. "वाचून दाखवलं?" दाखवलं म्हणालो. "काय समजलं, म्हणाली?" "माझा हक्क सोडते, म्हणाली." तुम्ही चष्म्यावरून जरा जास्तच वेळ बघितलंत. मग फाईल बंद केलीत आणि चहा सांगितलात. तेव्हा तुम्ही फाडायला पाहिजे होता. त्या म्हातारीचा फाडलात, भर रस्त्यात माझी इज्जत काढलीत, आणि जिथं खरंच फाडायचं होतं तिथं चहा सांगितलात. याचा मला तुमच्यावर राग आहे. इतकी वर्षं आहे.

गेल्या आठवड्यात पाण्याची टाकी बघायला वर गेलो. पोरींच्या खोलीत खिडकीजवळच्या कॉटवरून भांडण चाललं होतं. भाचीचा आवाज आला, "हे घर माझ्या आईचंबी हाय. मामाचं एकट्याचं न्हाई. अर्धं आमचं हाय म्हणून खिडकी माझी." दुसरी म्हणाली, "मग अर्धी खिडकी घे ना." सगळ्या खिदळल्या. मी जिन्यात उभा राहिलो, टाकी न बघताच खाली आलो.

उपाय मला माहीत आहे, आणि तो अवघड नाही. दुसरा कोणी विचारायला आला असता तर पाच मिनिटांत सांगितला असता. अर्ध्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करून द्या. मसुदा मी केलासुद्धा. काल दुपारी परत टेप लावून प्लॉट मोजला. बायको दारात उभी राहून बघत होती, ती आत जाऊन मुलाशी बोलली, आणि मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, कागद आपल्या बाजूनं आहे. तुम्हीच तर सांगता, कागद बघायचा, तोंड नाही बघायचं." मीच सांगतो. त्याला मीच शिकवलं. मी त्याच्यावरही ओरडलो.

आणि मसुदा अडलाय तो एका ओळीवर. बक्षीसपत्रात कारण लिहावं लागतं. आजवर शेकडो वेळा मी ते डोळे मिटून लिहिलं, 'तुमच्याविषयी वाटणाऱ्या प्रेमापोटी व जिव्हाळ्यापोटी सदर मिळकत बक्षीस देत आहे.' ते मला तिच्यापुढं लिहिता येत नाही. जे तिचंच होतं ते बक्षीस कसं देऊ? दुसरी ओळ शोधून राहिलोय. तुमची जुनी पुस्तकं उघडली, छापील नमुने बघितले. घेतलेलं परत करण्याचा नमुना कुठंच नाही. इतक्या लोकांनी इतकं घेतलं, आणि एकालाही तो लागला नाही का? शिवाय ती ओळ काहीही लिहिली तरी पुढचं सुटत नाही. रविवारी दस्त तिला वाचून दाखवावा लागेल, आणि मग विचारावं लागेल, काय समजलं ते सांग. यावेळी ती सगळं नीट सांगेल. मला ऐकायला बरं वाटावं म्हणून नाही, तर तिला खरंच समजलेलं असेल म्हणून. मला भीती त्याचीच आहे.

हे पान कोणत्या फाईलला लावायचं ते ठरत नाही, म्हणून खणात, तुमच्या डबीखाली ठेवतो. तुमचा पत्ता असता तरी धाडलं नसतं. कारण तुम्ही पहिल्यांदा शेवटचा परिच्छेद वाचायचात, पक्षकार खोटं तिथं लपवतो म्हणून.

त्या दिवशी मी विचारलं होतं साहेब. रजिस्ट्रीच्या व्हरांड्यात, दस्त पूर्ण वाचून झाल्यावर, अगदी तुमच्यासारखं विचारलं, काय समजलं ते सांग. ती म्हणाली, "भिंतीच्या भरपाईचं हाय ना? तुझ्या एकट्याच्या नावानं उचलायचं. घर काय, दोघांचंच राहतंय." आणि मी शाईची डबी पुढं करून म्हणालो, "हाव. लाव अंगठा."