दोन स्टेशनांमधले लाडू

अण्णा, तुमच्या शनिवारच्या मंडळींबरोबर मी शेवटी एकदाची चालून आले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मला रिटायर होऊन पाच महिने. घरात बसून कंटाळले होते, तेवढ्यात आयसेलिनच्या देशी दुकानात किराणा घेताना नागपूरचे डॉक्टरकाका आणि काकू भेटले. तेच, जे दर शनिवारी आपल्या वेस्ट विंडसरच्या घरी येऊन तुम्हाला गाडीतून घेऊन जायचे. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणाले, "अगं, आमचा वॉक अजून चालू आहे. जॉइन हो यार, अण्णांची मुलगी म्हणून तरी ये." मी गेले, पण मनात काही चांगलं घेऊन गेले नव्हते. ज्यांच्यासाठी तुम्ही शुक्रवारीच बूट पुसून दाराशी मांडून ठेवायचात, ती माणसं आहेत तरी कोण, हे मला एकदा बघायचं होतं.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. त्या लहानशा लाइनवरच्या एका स्टेशनापाशी सगळ्यांनी गाड्या लावायच्या, कुरणांच्या आणि ओढ्याच्या कडेने चार-पाच मैल चालत पुढचं स्टेशन गाठायचं, त्याच्यासमोरच्या पबमध्ये जेवायचं आणि तासाला एक येणाऱ्या ट्रेनने आपापल्या गाड्यांपाशी परतायचं. चौदा माणसं होती, काका-काकू आणि मी सोडून सगळी गोरी, बहुतेक सत्तरीच्या पुढची. बडबड अशी की शेजारून ओढा वाहतोय याचा पत्ता लागू नये. या सगळ्यांच्या मागून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई चालत होत्या. शाळेत लायब्ररियन होत्या म्हणे. त्यांच्या हातात हिरव्या कापडाचं निशाण होतं. वळण आलं की पुढचे थांबतात, मागून त्यांचं निशाण वर झालं की पुन्हा चालू लागतात. या शेवटच्या माणसाला सगळे गार्ड म्हणतात. ही पद्धत कुणी पाडली हे मला विचारावं लागलं नाही. भुसावळला मालगाडीच्या शेवटच्या डब्यात पस्तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाशिवाय ती कुणाला सुचणार होती? निशाण तुम्ही स्वतः शिवलंत आणि आजारी पडल्यावर त्या बाईंच्या हातात दिलंत, घरी आणलं नाहीत. ते त्यांच्या हातातून ओढून घ्यावं असं मला वाटलं. एकसष्ट वर्षांच्या बाईला हे शोभत नाही, पण वाटलं ते लिहिते.

पबमध्ये लांबलचक टेबल लागलं आणि माझ्या पोटात खरोखर दुखायला लागलं. एक जण म्हणाला, तुमचे वडील कसले नकलाकार होते. नकलाकार? माझे वडील घरात दिवसाकाठी दहा वाक्यं बोलले तर खूप. दुसऱ्याला तुमची ती गोष्ट पाठ होती, घाटात गाडी अडकल्यावर तुम्ही इंजिन ड्रायव्हरबरोबर रुळाकडेला पिठलं शिजवलंत ती. मी ती पहिल्यांदा ऐकत होते, तीही इंग्रजीत. लायब्ररियन बाई तुम्हाला 'ॲना' म्हणतात. जेवण झाल्यावर उठताना म्हणाल्या "चला", अगदी तुमच्यासारखं, शेवटचा आ लांबवून. त्यांनी मला हळूच असंही सांगितलं की आईच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास तुम्ही याच टेबलाशी बसून रडला होतात आणि बराच वेळ त्यांनी तुमचा हात धरून ठेवला होता. अण्णा, आई गेल्याचा फोन मला इथे आला, मी विमानाने तिकडे पोचले, तेरा दिवस तुमच्याजवळ होते, तुम्हाला घेऊन इथे आले. माझ्यासमोर तुमच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. माझ्या वाट्याचं रडणंसुद्धा तुम्ही पबमध्ये वाटून टाकलंत याचा मला त्या क्षणी संताप आला.

आणि मग आली ती लाडवांची गोष्ट. मी कोण हे नीट कळल्यावर सगळं टेबल माझ्याकडे वळलं. म्हणजे लाडू करणारी ती मुलगी तूच! शनिवारी पहाटे उठून वडिलांसोबत स्टीलचा डबा भरून दाण्याचे लाडू देणारी? एका बाईला शेंगदाणे चालत नाहीत, तर तिच्यासाठी तिळाचे वेगळ्या डबीत पाठवणारी? त्या बाईने माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, माझ्या स्वतःच्या सुनांच्या लक्षात राहत नाही ग, तुझ्या कसं राहायचं? काका म्हणाले, "अरे, हिच्या लाडवांवरच तर आमचे मैल कव्हर व्हायचे!" मी हसले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तशी बसून राहिले आणि वर, दाणे किती वेळ भाजायचे असं लायब्ररियन बाईंनी विचारलं, तर ठोकून दिलं, पाऊण तास. काकूंनी सूपमधून मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मला ते शुक्रवार दिसतात. मी न्यूयॉर्कहून सातच्या ट्रेनने उतरून घरी येते आहे, दार उघडताच भाजल्या दाण्यांचा वास, ओट्यावर, सिंकमध्ये, माझ्या पांढऱ्या गालिच्यावरसुद्धा दाण्यांची फोलं. मी कोट न काढताच सुरू व्हायचे. अण्णा, एक्झॉस्ट लावत जा ना, स्मोक अलार्म वाजेल. अण्णा, तुमची शुगर किती आहे आणि हे कसले डोहाळे? मला वाटायचं, म्हातारपणी जिभेचे चोचले वाढलेत, डबा भरून नेतात आणि मित्रांच्या संगतीत गूळ खातात. तुम्ही "बरं" म्हणायचात आणि वाकून एकेक फोल वेचायचात. माझ्यासाठी दोन लाडू ताटलीत झाकून ठेवलेले असायचे. सोमवारी तुम्ही विचारायचात, कसे झाले होते? मी म्हणायचे, छान. एकदाच, तुम्ही इथे आल्याच्या पहिल्या वर्षी, तुम्ही म्हणालात, "शनिवारी येतेस का? चारच मैल आहेत. येताना ट्रेन आहे." मी म्हणाले, "आठवडाभर ट्रेनमध्येच असते मी, अण्णा. सुट्टीच्या दिवशी पुन्हा ट्रेन?" तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत.

जेवणानंतर ट्रेनला वीस मिनिटं होती. बाकीचे प्लॅटफॉर्मवर फोटो काढत होते, काकू माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "पाऊण तास दाणे भाजलेस तर कोळसा होईल ग." मग त्या म्हणाल्या, "दर शनिवारी अण्णांच्या नखांत गूळ असायचा. या लोकांना नाही कळलं. मला पहिल्या दिवशीच कळलं." मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? त्यावर त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, हू मेड दीज, आणि ते बोलून गेले, माय डॉटर. बोलून झाल्यावर इतके खूश दिसले की मी म्हटलं, असू दे." ट्रेन आली. बसल्यावर त्यांनी पर्समधून वेलदोडा काढून मला दिला आणि विषय बदलला.

गाडी चार मिनिटं लेट असली तर चारच लिहिणारे तुम्ही, साडेतीन नाही की पाच नाही. स्टेशनमास्तरांनी रदबदली केली तरी आकडा न बदलणारे. तुम्ही पाच वर्षं दर शनिवारी खोटं बोललात, आणि तेही माझ्याबद्दल. घरी आल्यावर मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि नंतर जे वाटलं ते अजून जात नाही. त्या लायब्ररियन बाईंचा हेवा मी समजू शकते, त्यांना तुमचं हसणं मिळालं, तुमचं रडणं मिळालं, तुमचं निशाण मिळालं. पण मला खरा हेवा वाटतो तो त्या मुलीचा. जी तुमच्यासाठी पहाटे उठायची, जिच्या लक्षात परक्या बाईचे तीळ राहायचे, जिच्याबद्दल तुम्ही भरल्या टेबलावर बोलायचात. तुम्हाला ती आवडायची, अण्णा. किती आवडायची हे त्या सगळ्यांच्या तोंडावर अजून दिसतं. तिच्यासारखी मी एक शनिवार जरी वागले असते तरी तुम्हाला तिला घडवावं लागलं नसतं. मी इथेच होते, वरच्या खोलीत झोपलेली.

पुढच्या महिन्यातल्या एका वॉकला मी लाडू केले. दोन घाणे करपले, तिसरा जमला. फोलं मीच वेचली. तीळवाले वेगळे, तुमच्याच डबीत. पबमध्ये डबा फिरला, सगळ्यांनी एकेक घेतला, आणि लायब्ररियन बाईंनी अर्धा खाऊन, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हटलं की तेव्हाचे तुझे जास्त चांगले व्हायचे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. खरं सांगायची ती वेळ होती, मला कळत होतं. मी म्हणाले, हो, तेव्हा माझा हात चांगला होता. तुमची ती मुलगी मी त्यांच्याकडून काढून घेतली नाही, हे तुमच्यासाठी केलं की स्वतःसाठी, ते ठरवता येत नाही.

दोन उरले होते, ते ओट्यावर ताटलीत झाकून ठेवले होते. लिहिता लिहिता आत्ता एक खाल्ला. काहीतरी चुकलंय, गूळ कमी आहे की दाणे जाड राहिलेत, सांगता येत नाही. तुमचे कसे लागायचे हे मला माहीत नाही, अण्णा. ताटलीतले ते दोन मी दर सोमवारी ऑफिसात नेऊन कॉफी मशीनपाशी ठेवायचे, आणि तिथून परत येऊन तुम्हाला छान म्हणायचे.