मागाच्या आवाजात

प्रिय सिद्धू,

फोनवर आपलं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘गोळ्या घेतल्या का’ यापुढं जात नाही, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या अव्वानं शेंगाचटणी कुटून ठेवली आहे. त्याच पार्सलात हे पत्र घालतो.

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात उन्हाळ्यात नवा सुपरवायझर आला. बसवेश नाव, होटगीचा, वयानं तुझ्याएवढा. माझं आयुष्य यंत्रमागावर विणण्यात गेलं आणि आता साहेब म्हणजे हा. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

खटकायचं ते वेगळंच. तो बोलायचाच नाही. सकाळी ‘नमस्कार काका’ म्हणून केबिनमध्ये शिरायचा आणि दिवसभराचं काम मोबाईलच्या ग्रुपवर टाकायचा. केबिन माझ्या मागापासून चार पावलांवर. मला वाटायचं, आपल्यापर्यंत चालत यायला ह्याला कमीपणा वाटतो. मग मीही मोबाईल डब्याच्या पिशवीत ठेवायला लागलो. त्याचा त्यानं काय अर्थ घ्यायचा तो घेतला असणार.

श्रावणात एका हॉटेलची ऑर्डर होती, निळ्या काठाची. दुपारी काठ राखाडी करायचा ठरला आणि निरोप आला ग्रुपवर. मी संध्याकाळपर्यंत निळाच विणत राहिलो. बसवेश बाहेर आला, थप्पी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. ‘काका, मेसेज टाकला होता की!’ मी म्हणालो, ‘तोंड न्हाय व्हय तुला? येऊन सांगायचं की.’ आजूबाजूचे सगळे बघायला लागले. पोरगं आत गेलं.

मालकांनी दोघांनाही बोलावलं. हा सगळं माझ्यावर ढकलणार, अशी माझी खात्री. तो म्हणाला, ‘चूक माझी. काकांनी मेसेज बघितला का, हे मी विचारायला पाहिजे होतं.’ बाहेर आल्यावर मी म्हणालो, ‘मग विचारलं का न्हाईस?’ तो म्हणाला, ‘तुमची लई भीती वाटते, काका. मी सांगायला आलो की तुमी माग बंद करून नुसतं माझ्या तोंडाकडं बघता. मला पुढचं सुचतच न्हाय. लिहिलं की नीट सांगता येतं.’

मी माग बंद करतो, कारण त्या आवाजात मला ऐकू येत नाही. ओठ बघून समजून घेतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, अव्वालाही नाही. कळलं तर घरी बसवतील, ही धास्ती. त्या दिवशी त्याला सांगून टाकलं.

आता काही बदल असला की तो मागापाशी येतो आणि मोठ्यानं बोलतो. बाकीचं ग्रुपवर, मी वाचून खाली अंगठ्याचं चित्र टाकतो. सगळं गोड झालं आहे असं नाही. काम अर्धवट असलं तरी वेळ झाली की तो बॅग उचलतो, ते मला अजून पटत नाही. पण कानाच्या डॉक्टरकडं मला घेऊन गेला तो तोच.

परवा तू अव्वाशी बोलताना फोन स्पीकरवर होता. तुझ्या हाताखालचे खैरनार मुद्दाम तुझ्या मेलला उत्तर देत नाहीत, त्यांना वयाचा माज आहे, म्हणून त्यांची बदली मागणार आहेस, एवढं मला ऐकू आलं. मी त्यांना ओळखत नाही. मुद्दाम करत असतीलही. पण बदली मागण्याआधी एकदा त्यांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बस आणि विचार. लगेच नाही सांगणार ते. आमच्या वयाच्या माणसांना वेळ लागतो. तेवढं थांब.

तुझाच,
अप्पा