ठवकर सरांचं घड्याळ

रविवार, संध्याकाळ

ठवकर सरांवरचा राग अजून उतरत नाही. मॅरेथॉनची तयारी म्हणून आम्ही ऑफिसातले सहा जण दर रविवारी अड्याळच्या रस्त्यानं धावतो आणि सर आमचे गुरू, म्हणजे त्यांचे तेच झालेले. आज सातव्या किलोमीटरला रेखाचा पाय खड्ड्यात मुरगळला आणि ती पडली. केवढ्यानं ओरडली! आणि सरांनी आधी काय केलं? घड्याळ थांबवलं. मग वळून पाहिलं.

"काई नाई होत, बर्फ लाव घरी जाऊन. ऑटो भेटंल तुले," म्हणाले. "इथं रिदम तुटून राहिला आमचा."

रिदम म्हणे! ऑफिसात बाटलीचं झाकणही शिपायाकडून उघडून घेणारा माणूस हा. रेखा कशीबशी मैलाच्या दगडावर बसली, "जा तुमी," म्हणाली, आणि सरांनी घड्याळ पुन्हा सुरू केलं. पीक्. तो आवाज दिवसभर डोक्यातून गेला नाही. दुपारी सरांनी ग्रुपवर स्वतःचा फोटो टाकला, खाली लिहिलं 'जिद्द'. चौघांचे अंगठे लगेच. नालायक सगळे.

मग मी काहून नाही थांबले?

आत्ता तिच्याकडे जाऊन आले. पाय टम्म सुजलाय. माफी मागायचं ठरवूनच गेले होते, पण तिनंच आधी विचारलं, "ताई, किती झाले आज तुमचे?"

"अठरा," मी म्हणाले. आणि सांगताना मला चक्क बरं वाटलं. माफी राहूनच गेली.