चौथा मजला आणि कमी पडलेल्या गाड्या

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आमचं बाळ तुझ्यावरच गेलंय. भूक लागली की सगळी इमारत उठवतं. त्याला बघायला तू उतावीळ आहेस, पण आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही आणि तुझं हिमोग्लोबिन सात! मागच्या खेपेला दुसऱ्या मजल्यावरच धापा टाकत बसलीस. जन्मभर बसडेपो चालवलास ना? मग हिमोग्लोबिन म्हणजे बसगाड्या समज. फुफ्फुसांत ऑक्सिजन चढतो, अंगभर जिथे गरज तिथे उतरतो. तुझ्या डेपोत गाड्याच कमी आहेत. लोहाच्या गोळ्या घे. अकरा झाल्याशिवाय आमचा जिना बंद.

लोभ आहेच, थोडा धाकही असू दे.
तुझी खारूताई

९ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

मला बसगाड्या शिकवतेस? गाड्या कमी पडल्या की मी फेऱ्या वाढवायचे. गोळ्यांनी पोट बिघडतं. तरी तुझ्या समाधानासाठी घरी माणूस बोलावून रक्त तपासलं. रिपोर्ट सोबत आहे. साडेचौदा! रविवारी येते. बाळाला जागं ठेव.

तुझी ठणठणीत आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
नमस्काराआधी भांडण.

सहा दिवसांत दुप्पट? आणि रक्तगटही बदलला? लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या भाचीला फसवतेस? काका फोनवर लगेच फुटले. रक्त द्यायला डोक्यावरून चादर घेऊन तुझ्या पलंगावर ते झोपले आणि तुझ्या बांगड्या घातलेला हात तेवढा बाहेर काढला! बांगड्या अजून निघत नाहीत म्हणे.

फेऱ्या वाढवतेस खरी, पण ड्रायव्हर एकच आहे, तुझं हृदय. त्याला रजा नाही, बदली माणूस नाही. म्हणून तर छाती धडधडते. ते दमलं तर बाळाला काय तुझा फोटो दाखवू?

रागावलेली,
खारूताई

२० मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

बांगड्या साबण लावून काढल्या. काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, मग उगाच हात निरखत बसले.

ड्रायव्हरचं मात्र पटलं. डबल ड्यूटी मी कधी कुणावर लादली नाही. कालपासून गोळ्या सुरू केल्यात, जेवणानंतर घेतली की पोट कुरकुरत नाही. पण अकरा होईपर्यंत बाळ मोठं होईल गं. मला ते मुठी वळून झोपलेलं बघायचं होतं.

माया पातळ करू नकोस.
आत्या

२५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

ऑक्सिजन तरी कुठे पायांपर्यंत स्वतः चालत जातो? त्याला पोचवावंच लागतं. रविवारी बाळाला घेऊन चारही मजले मीच उतरते आणि तुझ्या दारात येते. तिकीट एकच: आमच्यासमोर गोळी गिळायची.

तूच गिळायची. आल्याबरोबर आधी चादर उचलून बघणार आहे.

तुम्हा दोघांची,
खारूताई